रॉलिन्स ते लॅरमी : हलका ट्रेलर आणि आर्लिंग्टनचा वारा

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, रविवार, सकाळचे अकरा वाजत आलेले. डेन्व्हरच्या उत्तरेला राहणारं एक मराठी जोडपं ग्रँड टीटन पाहून घरी निघालेलं. दोघंही साठीच्या उंबरठ्यावर. नावं देत नाही. मी त्यांना काका-काकू म्हणतो, इथेही तेच म्हणेन. शनिवारचा मुक्काम लँडरला झाला होता. सकाळी यूएस-२८७ ने मडी गॅपवरून ते वायोमिंगमधल्या रॉलिन्सला उतरले आणि पेट्रोल भरलं. आता आय-८० या आंतरराज्य महामार्गाने पूर्वेला शंभर मैलांवर लॅरमी, तिथून पुन्हा २८७ ने फोर्ट कॉलिन्स आणि संध्याकाळच्या चहाला घर, असा हिशेब होता. सोमवारी सकाळी काकांना ऑफिस चुकवता येणार नव्हतं.

गाडी मध्यम आकाराची एसयूव्ही, ओढण्याची मर्यादा ५,००० पाउंड. मागे सिंगल अॅक्सलचा (चाकांच्या एकाच जोडीचा) राहायचा ट्रेलर, खोक्याची लांबी १८ फूट, जमिनीपासून छपरापर्यंत दहा फुटांच्या आसपास. अॅल्युमिनियमचा सांगाडा, त्यावर फायबरग्लासचे पत्रे, मधे फोम. विकत घेताना काकांनी सगळ्यात आधी वजनाचाच आकडा पाहिला होता, कारण जड ट्रेलर घेतला तर मोठा पिकअप ट्रकही घ्यावा लागला असता. हलका म्हणून घेतलेली वस्तू. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं प्रकरण याच गुणाभोवती फिरतं.

रॉलिन्सच्या बाहेर पडताना महामार्गावरच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर अक्षरं चमकत होती : जोराचा वारा, झोत ताशी ६० मैलांच्या वर, हलके ट्रेलर नेऊ नयेत असा सल्ला. काकांनी गाडी बाजूला घेऊन मला फोन लावला. माझं काम यंत्रांशी, आणि ट्रेलर मीही ओढतो, म्हणून असले फोन मला येतात.

"अरे, बोर्डावर लिहिलंय हलके ट्रेलर नेऊ नका. आपला चार हजार पाउंडांचा आहे. तो यात धरायचा का?"

"धरायचा, काका. तुमच्यासारख्यांसाठीच लिहिलंय ते."

"पण रस्ता बंद नाहीये. ट्रक जातायत की सगळे."

"ते भरलेले आहेत. आज रॉलिन्सलाच मुक्काम करा."

"इथे वारा आहे, पण एवढा काही नाही रे. जाऊन बघतो. नाहीच जमलं तर वाटेत थांबू."

हे शेवटचं वाक्य वाऱ्यातल्या बहुतेक अपघातांच्या आधी कुणी ना कुणी बोललेलं असतं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण वाटेत थांबायचं कुठे, हे नकाशा समोर ठेवून पाहिलं तर वॉलकॉट जंक्शन ते लॅरमी या पंच्याहत्तर मैलांत एल्क माउंटनचं फाट्यावरचं छोटं गाव, वॅगनहाउंडचा विश्रांतीथांबा आणि आर्लिंग्टनची चार घरं एवढंच आहे. आणि नाही जमत हे कळण्याची जागा नेमकी तीच, जिथे थांबायला रस्त्याकडेच्या खांदापट्टीशिवाय काही नसतं. खांदापट्टीवर उभा केलेला हलका ट्रेलरही वारा आडवा करू शकतो.

वारा तिथेच का

कोलोरॅडोत रॉकी पर्वताची शिखरं चौदा हजार फुटांपर्यंत जातात. वायव्य वायोमिंगमध्ये विंड रिव्हर आणि टीटनच्या रांगा तशाच उंच. या दोन्हींच्या मधे, दक्षिण वायोमिंगमध्ये, भिंत खचलेली आहे. ग्रेट डिव्हाइड बेसिन नावाचा उघडा, बोडका पट्टा आहे. पश्चिमेकडून येणारी हवा या खिंडारातून आत घुसते. पुढे मेडिसिन बो रांगेच्या उत्तर टोकाला एल्क माउंटन हा ११,१५६ फुटांचा एकटा डोंगर आडवा येतो. त्याला वळसा घालताना, आणि तो डोंगर व मुख्य रांग यांच्या फटीतून बाहेर पडताना, हवा आणखी वेग घेते. ती बाहेर पडते तिथे आर्लिंग्टन आहे, आणि आर्लिंग्टनला लागूनच आय-८०.

हे काही आज कळलेलं नाही. युनियन पॅसिफिकने १८६८ मध्ये रेल्वे टाकली ती उत्तरेकडून, मेडिसिन बो गावावरून वळसा घेऊन. जुना लिंकन हायवे, म्हणजे आजचा यूएस-३०, त्याच वाटेने गेला. आय-८० आखताना मात्र अंतर वाचवायला रस्ता डोंगराच्या पायथ्याशी आणला गेला. इथली हवा पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या स्थानिक लोकांनी नको म्हणून सांगितलं होतं. लॅरमी ते वॉलकॉट हा ७७ मैलांचा तुकडा ३ ऑक्टोबर १९७० ला उघडला आणि आठवडा उलटायच्या आत पहिल्या वादळाने तो अडवला. पुढच्या वर्षीपासून वाऱ्याने उडणाऱ्या बर्फाचे अभ्यासक रॉनल्ड टॅबलर यांच्या अभ्यासावर बेतलेली लाकडी हिमकुंपणं उभी राहू लागली. आजही ती मैलोन्‌मैल दिसतात. त्यांनी रस्त्यावर साचणारा बर्फ कमी केला, पण रस्त्यावर चालणाऱ्या दहा फुटी खोक्याला त्यांचा आडोसा मिळत नाही.

आर्लिंग्टनच्या डोंगरकड्यावर फूट क्रीक रिम नावाचं पवनचक्क्यांचं क्षेत्र आहे. साताऱ्याजवळ चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर जो गेला आहे त्याला पवनचक्क्या कुठे उभ्या करतात हे सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं वारा मोजून, पैसे लावणाऱ्यांनी खात्री करून घेतलेली ती जागा असते. ट्रेलर मागे असताना रस्त्याच्या कडेला पवनचक्क्यांची रांग दिसली, तर तो फुकट मिळालेला हवामान अहवाल समजावा.

आता दिशा. वारा प्रामुख्याने नैऋत्य-पश्चिमेचा. रॉलिन्सपासून वॉलकॉटपर्यंत रस्ता बहुतेक पूर्वेला जातो, म्हणजे वारा पाठीशी. एल्क माउंटनपासून लॅरमीकडे तो आग्नेयेला वळतो, आणि तोच वारा पूर्वेला जाणाऱ्या गाडीच्या उजव्या कुशीत बसतो. वाऱ्याचा वेग तेवढाच राहिला तरी धोका बदलतो. काका रॉलिन्सला उभे राहून जो वारा जोखत होते, तो पुढच्या रस्त्यावरचा वारा नव्हताच.

चार हजार पाउंड म्हणजे किती

फोनवरचा काकांचा प्रश्न खरं तर अगदी योग्य होता, फक्त तो अर्धा होता. वाऱ्याला वजन दिसत नाही, बाजूची भिंत दिसते. म्हणून एकूण वजनाला बाजूच्या क्षेत्रफळाने भागायचं. काकांच्या ट्रेलरची भिंत १८ फूट लांब, साडेसात फूट उंच : १३५ चौरस फूट. भरलेल्या ट्रेलरचं वजन ४,०५० पाउंड. म्हणजे दर चौरस फुटामागे ३० पाउंड.

आता सेमी ट्रक घ्या, म्हणजे पुढे ओढणारी गाडी (तिला इथे ट्रॅक्टर म्हणतात) आणि मागे लांब खोकं असा मालट्रक. ५३ फुटी खोक्याची एक बाजू ढोबळमानाने ५०० चौरस फूट. कायद्याच्या कमाल ८०,००० पाउंडांपर्यंत भरलेला असेल तर चौरस फुटामागे १६० पाउंड. तोच रिकामा, ट्रॅक्टरसकट ३५,००० पाउंडांच्या आसपास, म्हणजे ७०. ट्रेलर सोडलेली काकांची नुसती एसयूव्ही ६० च्या घरात, शिवाय बुटकी. आय-८० वर वाऱ्यात आडवे पडलेले सेमी बहुतेक रिकामे किंवा अर्धे भरलेले असतात, आणि काकांचा ट्रेलर त्या रिकाम्या सेमीच्याही निम्म्याहून हलका. ‘ट्रक जातायत की सगळे’ यात जे ट्रक येतात त्यांच्याशी त्याची तुलनाच नाही.

उलटण्याचा हिशेबही कागदावर करता येतो. ताशी मैलांतल्या वेगाचा वर्ग गुणिले ०.००२५६, हा समुद्रसपाटीवरचा दाब पाउंड प्रति चौरस फुटात. ६० मैलांना ९.२ येतो. साडेसात हजार फुटांच्या वर हवा विरळ, साधारण पाचवा हिस्सा वजा करा : ७.३. चौकोनी खोक्यासाठी १.२ चा गुणांक धरला तर भिंतीवर सुमारे १,२०० पाउंडांचा रेटा येतो, आणि तो जमिनीपासून सहा फुटांवर. त्याची उलटवण्याची ताकद साधारण ७,००० पाउंड-फूट. ट्रेलरला जमिनीवर धरून ठेवणारं त्याचं वजन, मध्यापासून चाकापर्यंत सव्वातीन फूट : १३,००० पाउंड-फूट. म्हणजे ६० मैलांना निम्म्याहून थोडं जास्त काम झालेलं, आणि ८० मैलांच्या झोताला दोन्ही पारडी जवळपास बरोबर.

हे वाचून कुणी म्हणेल, मग साठला काय भीती? काकांनीही नंतर हेच विचारलं. हा हिशेब स्थिर उभ्या ट्रेलरचा आणि स्थिर वाऱ्याचा आहे. खरा ट्रेलर स्प्रिंगांवर उभा असतो. कलला की त्याचं वजनही कललेल्या बाजूला सरकतं. झोत हळूहळू वाढत नाही, थप्पड मारल्यासारखा येतो, आणि अचानक आलेल्या जोराला खोकं जास्त झुकतं. छपरावरून जाणारी हवा वर उचलते. आणि गाडी चालू असते. आडवा वारा ६० आणि गाडीचा वेगही ६०, तर ट्रेलरला जाणवणारी हवा या दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेची : ७,२००. गाडी ४० वर आणली की ५,२००, म्हणजे दाबात २८ टक्के घट. बाजूचा धक्का अगदी त्याच प्रमाणात कमी होत नाही, कारण हवेचा कोनही बदलतो. तरी चालकाच्या हातात असलेली सगळ्यात स्वस्त गोष्ट हीच.

शिवाय उलटणं ही शेवटची पायरी. त्याच्या बरीच आधी ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. इथे सगळे त्याला स्वे म्हणतात. आणि रस्त्यावर बर्फ असेल तर उलटण्याचीही गरज नाही : १,२०० पाउंडांचा रेटा म्हणजे ट्रेलरच्या वजनाच्या तीस टक्के, बर्फावर टायरची पकड त्याहून कमी असते, तो सरळ बाजूला घसरत जातो. काकांच्या नशिबाने त्या दिवशी रस्ता कोरडा होता.

वॉलकॉटपासून पुढे

पहिले वीस मैल, सिंक्लेअरच्या रिफायनरीवरून वॉलकॉट जंक्शनपर्यंत, इतके छान गेले की काकू म्हणाल्या, "अहो, आज मायलेज बरं लागतंय." लागणारच. वारा मागून ढकलत होता. त्या आकड्यातच पुढची बातमी होती, पण मायलेज चांगलं मिळाल्यावर कुणी घाबरत नाही.

वॉलकॉटला यूएस-३० डावीकडे फुटतो, मेडिसिन बो आणि रॉक रिव्हर करत लॅरमीलाच जातो. वीसेक मैल जास्त. काका सरळ गेले. एल्क माउंटनच्या फाट्यानंतर स्टीअरिंग सतत उजवीकडे धरावं लागू लागलं. रस्ता डोंगर कापून जातो तिथे दोन-तीन सेकंद वारा तुटायचा, आणि उजवीकडे धरलेली गाडी आपसूक उजवीकडे उडी मारायची. कटिंग संपलं की पुन्हा डावीकडे फेकली जायची. काका ६२ वर होते. ट्रेलरचे टायर ६५ च्या मर्यादेचे, त्यामुळे आपण मर्यादेत आहोत असं त्यांना वाटत होतं.

मग चढावर एक भरलेला सेमी पंचेचाळीसने चाललेला दिसला. काका त्याला ओलांडायला डाव्या लेनमध्ये गेले.

या प्रकरणातली ही जागा सगळ्यात महत्त्वाची, म्हणून सावकाश सांगतो. वारा उजवीकडून. सेमी उजव्या लेनमध्ये. काका त्याच्या बाजूला पोचताच वारा एकदम बंद. स्टीअरिंग उजवीकडे धरलेलं, म्हणून गाडी सेमीकडे ओढली गेली. काकांनी ती डावीकडे घेतली. गाडीचं नाक सेमीच्या पुढे निघालं तेव्हा पूर्ण वारा एसयूव्हीला लागला, ट्रेलर मात्र अजून आडोशाला. पुढची गाडी डावीकडे सरकली, मागचं खोकं जागेवर. पुढच्याच क्षणी ट्रेलरही उघड्यावर आला आणि त्याला सगळा झोत एकदम बसला. आधी डावीकडे वळवलेलं स्टीअरिंग, मग काकांनी घाबरून उजवीकडे केलेली दुरुस्ती, आणि मागून हा धक्का, तिन्हींची लय जुळली. ट्रेलर हलायला लागला.

काकू सांगतात, ट्रेलरचा मागचा कोपरा एकदा त्यांच्या आरशात यायचा, एकदा काकांच्या. दर वेळी आधीपेक्षा जास्त.

स्वेचं शास्त्र असं की कमी वेगाला ट्रेलरचे झोके आपोआप विरतात आणि वेग वाढला की ते विरण्याची शक्ती घटत जाते. एका वेगाच्या वर ती संपते. झोके मग स्वतःच वाढतात. तो वेग ट्रेलरगणिक वेगळा : मागे वजन जास्त असेल तर तो खाली येतो, पुढे हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात त्या जोडावर, पुरेसं वजन असेल तर वर जातो. अशा वेळी हाताला आणि पायाला जे सुचतं ते सगळं उलटं असतं. ब्रेक दाबला तर गाडी मंदावते आणि ट्रेलर मागून तिला ढकलतो. स्टीअरिंगने झोके पकडायला गेलं तर माणसाची प्रतिक्रिया नेहमी अर्धा झोका उशिरा पोचते आणि भरच घालते. वेग वाढवून ट्रेलर ताणून सरळ करायचा, असंही सांगणारे भेटतात. वाऱ्यात तो सल्ला अजिबात ऐकू नये.

काकांनी पाय उचलला, स्टीअरिंग सरळ धरलं, आणि डॅशबोर्डखालच्या ब्रेक कंट्रोलरची पट्टी हाताने दाबली. या पट्टीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, गाडीचे नाही. म्हणजे ट्रेलर मागे खेचला जाऊन ओढ सरळ होते. ट्रेलर घेतला त्या आठवड्यात एका रिकाम्या पार्किंगमध्ये त्यांनी याची तालीम केली होती, तेवढी कामाला आली. तीन-चार झोक्यांत ट्रेलर शांत झाला. सेमीवाल्याने तोवर वेग कमी करून धोक्याचे दिवे लावले होते आणि मागची वाहतूक रोखून धरली होती. त्या अनोळखी ड्रायव्हरचा या प्रकरणात मोठा वाटा आहे. काका चाळिसाने चालत वॅगनहाउंडच्या २६७ नंबरच्या एक्झिटला बाहेर पडले. आर्लिंग्टन, म्हणजे खरा वारा, अजून पाच मैल पुढे होता.

वॅगनहाउंड

तिथून दुसरा फोन. आता काकांना परत रॉलिन्सला जायचं होतं. मी नको म्हटलं. परत फिरणं हे सुरक्षित वाटतं, पण इथे परतीचा रस्ता वायव्येला जातो. तोच वारा आता डाव्या कुशीत, जरासा पुढून बसणार. पुढून येणाऱ्या वाऱ्यात ट्रेलरला जाणवणारा एकूण वेग उलट वाढतो. मिळालेली जागा सोडू नये, एवढंच त्यांना सांगितलं.

ट्रेलर गाडीपासून सोडायचा नाही. दोन्हींचं वजन एकत्र राहू द्यायचं. जागा मिळेल तितकं नाक वाऱ्याकडे करून उभं राहायचं, म्हणजे १३५ चौरस फुटांच्या भिंतीऐवजी समोरचा आठ फुटी चेहरा वाऱ्याला मिळतो. कोपऱ्यांचे जॅक खाली टाकायचे. रिकाम्या सेमीच्या वाऱ्याआडच्या बाजूला आडोसा म्हणून उभं राहायचं नाही, कारण तो पडला तर त्याच बाजूला पडतो. काकूंनी छपराची झडप बंद आहे का पाहायला मान वर केली तर झडपेचं झाकण नव्हतंच. ते मागे कुठेतरी उडालं होतं. सगळ्या प्रवासाचं नुकसान म्हणाल तर तेवढंच.

काकांनी अजून एक विचारलं : थांब्यावर नळ आहे, पाण्याची टाकी भरून घेऊ का, वजन वाढेल? हा सल्ला ट्रेलरवाल्यांत फार फिरतो. चाळीस गॅलन म्हणजे ३३० पाउंड, आणि तेही खाली, जमिनीलगत. ऐकायला उत्तम. वजन आठ टक्के वाढलं तर उलटवणाऱ्या वाऱ्याचा वेग जेमतेम चार टक्के वाढतो, कारण रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो : ८० चा ८३. आणि काकांच्या ट्रेलरची टाकी अॅक्सलच्या मागे आहे. ती भरली की हिचवरचं वजन कमी होणार आणि स्वे आधीपेक्षा लवकर सुरू होणार. तीन मैलांच्या फायद्यासाठी हा सौदा परवडत नाही. टाकी अॅक्सलच्या पुढे असती तर मी भरा म्हटलं असतं.

दुपारी एकच्या सुमारास राज्याच्या रस्तेविभागाने सल्ल्याचं रूपांतर बंदीत केलं : हलक्या आणि उंच वाहनांना रस्ता बंद. आता निघणं धोक्याचं तर होतंच, बेकायदाही होतं. काकांना याने उलट बरं वाटलं असावं. निर्णय घ्यायचा उरला नाही. त्यांनी ऑफिसला ईमेल टाकली. काकूंनी शेंगदाण्याची चटणी आणि ब्रेड काढला. ट्रेलर रात्रभर डुलत होता.

राष्ट्रीय हवामान सेवेच्या साधारण निकषाने सलग वारा ताशी ४० मैल किंवा झोत ५८ च्या वर अपेक्षित असेल तर तीव्र वाऱ्याचा इशारा निघतो. या सेवेच्या शायन गावातल्या कार्यालयाने तो आदल्या संध्याकाळीच काढलेला होता. शिवाय वायोमिंगच्या रस्तेविभागाचे वारामापक महामार्गाच्या कडेलाच बसवलेले आहेत, आणि त्यांचे आकडे ठिकाणागणिक फोनवर दिसतात. त्यात पाहायचा तो झोताचा आकडा. सरासरी वारा ट्रेलर पाडत नाही. काकांनी सकाळी लँडरचं हवामान पाहिलं होतं, लॅरमीचं पाहिलं होतं. दोन्ही गावांत सूर्य आणि मध्यम वारा. मधल्या आर्लिंग्टनचं पाहिलं नव्हतं, कारण तिथे त्यांना उतरायचं नव्हतं.

पहाटे चारनंतर आर्लिंग्टनचे झोत तिशीत आले, बंदी उठली. काका पाच वाजता निघाले, पंचेचाळिसाने, कुणालाही न ओलांडता. आर्लिंग्टनच्या पुढे दुभाजकात एक रिकामा सेमी ट्रेलर आडवा पडलेला होता.

काट्यावर

पुढच्या शनिवारी आम्ही तोच ट्रेलर, सामान न हलवता, ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर नेला. एकूण ४,०५०. हिचवर ३६०, म्हणजे नऊ टक्क्यांना थोडं कमी. हे प्रमाण दहा ते पंधरा टक्के असावं असं मानतात. कमी का, ते मागे गेल्यावर दिसलं : बंपरवरच्या रॅकवर दोन सायकली, रॅकसह ९० पाउंड, अॅक्सलच्या नऊ फूट मागे. अॅक्सलपासून हिच तेरा फूट. तेव्हा त्या ९० पाउंडांनी हिचवरचे ६२ पाउंड उचलून धरले होते. सायकली गाडीच्या टपावर नेल्या तर हिचवर ४२२, ट्रेलर ३,९६०, प्रमाण साडेदहाच्या वर. खर्च शून्य.

काकांनी घर्षणावर चालणारा स्वे-कंट्रोल दांडाही घेतला. चांगलं केलं. पण त्याची मर्यादा मी त्यांना सांगितली आहे : तो झोके विरवायला मदत करतो, भिंतीवरचा रेटा एका पाउंडानेही कमी करत नाही. सायकली, दांडा, वेग, या तिन्हींनी काकांच्या ट्रेलरला साठच्या झोतात थोडी जास्त सवड मिळेल. पंच्याहत्तरच्या झोतात तिन्हींचा उपयोग सारखाच, म्हणजे जवळपास नाही.

रॉलिन्सला काय करता आलं असतं, यावर आमचं अजून पटलेलं नाही. काका म्हणतात, यूएस-३० ने गेलो असतो तर आरामात पोचलो असतो. ती वाट डोंगरापासून लांब आहे, वारा तिथे सहसा कमी असतो, हे खरं. पण तो रस्ताही त्याच उघड्या माळावरून जातो, बहुतेक ठिकाणी दुपदरी आहे, आणि समोरून येणारा सेमी तिथे दोन हातांवरून जातो. साठच्या झोतांच्या दिवशी मी तिथे हा ट्रेलर नेणार नाही. चाळीसच्या दिवशी नेईन. माझं म्हणणं असं की सोमवारचं ऑफिस खरंच अटळ असेल तर ट्रेलर रॉलिन्सच्या आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे अशा ट्रेलरांच्या तळावर, भाड्याने ठेवायचा आणि नुसत्या एसयूव्हीने घरी यायचं. पुढच्या शनिवारी जाऊन आणायचा. एका बाजूचे साधारण चार तास, पेट्रोल आणि भाडं. मी ज्यांना ज्यांना हा पर्याय सांगितला त्यांनी आधी हसून पाहिलं, कारण ट्रेलर मागे टाकून येणं हे माणसाला हरल्यासारखं वाटतं. काकाही हसले. काकूंनी मात्र रॉलिन्सच्या दोन पार्कचे नंबर फोनमध्ये घालून ठेवलेत, आणि जूनच्या सहलीत परतीचा प्रवास रविवारऐवजी शनिवारी धरला आहे.